रांगेतला कुत्रा

"ग्लेब अर्काद्येविच, यातला कुत्रा कुठे गेला?"

शेवटचं पान उलटून नोन्नाबाईंनी विचारलं. समोर ग्लेब बसला होता.

नोन्नाबाई आमच्या शहराच्या सेन्सॉर. त्यांचा शिक्का बसल्याशिवाय छापखान्यात चिटोरंही हलत नाही. ग्लेब आमच्या मासिकाचा संपादक. आणि कुत्रा म्हणजे आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. कथेत मुद्दाम अशी एक जागा घालायची, की सेन्सॉरने पाहताक्षणी तिच्यावर झडप घालावी. ते त्या कुत्र्यामागे लागले की बाकीची कथा गुपचूप निसटते. सेन्सॉरांना हे ठाऊक नसतं असं नाही. पण त्यांनाही ते सोयीचंच असतं. एकही लाल रेघ नसलेली कथा वर गेली, तर साहेब विचारतो, दिवसभर नुसता चहा पीत होतात का?

या खेपेचा कुत्रा खरोखरचा कुत्राच होता. ग्लेबने तो स्वतः लिहून आमच्या म्हाताऱ्या लेखिका सेराफिमाबाईंच्या कथेत घातला होता. काल त्याने शेवटची प्रत बाईंकडे नजर टाकायला दिली, सकाळी परत घेतली आणि न वाचता इथे घेऊन आला. बाईंनी कुत्रा काढून टाकला होता. आयुष्य संपादकीत गेलेल्या माणसाने असा शेण खाण्याचा प्रकार करावा!

"कुत्रा नसेल, तर मला हे कापावं लागेल," नोन्नाबाई म्हणाल्या. त्यांची लाल पेन्सिल एका पानावर टेकली होती.

त्या पानावर अडतीस सालचा, धरपकडीचा हिवाळा होता. एका लहानशा खिडकीसमोर बायकांची रांग. एकीच्या काखोटीला नवऱ्यासाठी आणलेले लोकरी बूट. तिचा नंबर लागतो, खिडकीतून बूट परत येतात. आता यांची गरज नाही, असं आतला माणूस सांगतो. एवढंच. तुरुंग हा शब्दसुद्धा नाही. सेराफिमाबाईंनी बाकीची सगळी कथा या एका पानासाठी लिहिली होती. हृदय थकलं होतं, डॉक्टर आता फार बोलायचे नाहीत. हे पान छापलेलं बघून जायचं, एवढीच त्यांची इच्छा राहिली होती.

"आहे, कुत्रा आहे," ग्लेब घाईघाईने म्हणाला. "टाइप करताना राहिला."

"मग आणा."

"आत्ता?"

"नाही, पुढच्या हिवाळ्यात! अहो, साहेब जेवून यायच्या आत आणा."

ग्लेबने पान ओढून घेतलं आणि समासात लिहायला लागला. रांगेभोवती एक भटका कुत्रा फिरत असे, असं त्याने लिहिलं.

नोन्नाबाईंनी चष्म्यावरून वाचलं. "फारच मरतुकडा आहे हो. याला हाकलायला कोण उठणार?"

ग्लेबने पुढे लिहिलं: बायका त्याला 'पक्षाचे सेक्रेटरी साहेब' म्हणत, कारण तो सगळ्यांचं खायचा आणि सगळ्यांवर भुंकायचा.

"हं. आता धरलं बाळसं."

त्यांनी त्या दोन ओळींवर लाल रेघ मारली. मग आणखी एक, चांगली जाड, लांबून दिसेल अशी. बुटांचं पान तसंच उलटलं आणि शिक्का उमटवला. ग्लेबचा जीव भांड्यात पडला. आता हसावं की रडावं हे त्याला कळेना, म्हणून त्याने नुसतीच टोपी उचलली.

तो दारापाशी पोचला तेव्हा बाई पुढची फाइल उघडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "त्या रांगेत कुत्रा नव्हता. मांजर होतं. कान फाटलेलं."

बाई थट्टा करताहेत, असं ग्लेबला वाटलं.

समोरच्या बागेत बाकावर सेराफिमाबाई बसल्या होत्या. लेखकाने सेन्सॉरला भेटायचं नसतं. असा कोणी प्राणी जगात आहे, हेच आपल्याला माहीत नाही असं दाखवायचं असतं. नोन्नाबाईही बागेकडच्या खिडकीचा पडदा कायम ओढलेला ठेवत.

"सुटली!" ग्लेब लांबूनच ओरडला. "आख्खं पान सुटलं!"

सेराफिमाबाईंनी छातीवर क्रूस काढला. मग लोकरी हातमोज्याने डोळे पुसले, आणि त्याच हातमोज्याने ग्लेबला एक फटका दिला. "इतका वेळ लावतात का रे, मेल्या? मी इथेच आटोपले असते."

मग त्यांना लाल रेघा दिसल्या. "आणि हे काय? मी कुत्रा काढला होता ना?"

"काढलात म्हणूनच तर माझा जीव जायची वेळ आली होती, सेराफिमा ल्वोव्हना!"

"अरे, पण नव्हताच तिथे कुत्रा. बाकी सगळं खरं लिहायचं आणि मध्येच खोटा कुत्रा बसवायचा? मांजर होतं तिथे. आईबरोबर एक चिमुरडी यायची, ती त्याला कोटात घेऊन उभी राहायची. दोघांना तेवढीच ऊब. त्या पोरीचं पुढे काय झालं, कोण जाणे."

ग्लेबच्या हातातले कागद तसेच राहिले.

"त्याचा कान फाटलेला होता?"

"हो. पण तुला कोणी सांगितलं?"

ग्लेबने मान वळवून वर पाहिलं. त्याच्या पाठोपाठ सेराफिमाबाईंनीही पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरचा पडदा बाजूला झाला होता. खिडकीत नोन्नाबाई उभ्या होत्या, हातात चहाचा पेला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

नोन्नाबाईंनी पडदा ओढून घेतला नाही.