शेजारची रास

"शेजारची बोर्गिल्ड उन्हाळ्यात वारली, तिचा नवरा सिगवाल्ड घरात एकटा. तरी त्यानं हिवाळ्याची लाकडं बघा कशी भिंत बांधल्यासारखी रचलीत. नाहीतर तुम्ही," बायको येताजाता ऐकवायची. ऑक्टोबरात मी रचलेली रास तीनदा ढासळली होती. थंडी सुरू झाली तशी आमची लाकडं निम्मी जळूनही गेली, शेजारचा मात्र एक ओंडका हलला नव्हता. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

पहिला बर्फ पडला आणि सिगवाल्ड अंगात दोन कोट चढवून, रिकामी टोपली घेऊन आमच्या दारात उभा.

"चुलीपुरती लाकडं देतोस का?"

"का रे? तुझी काय प्रदर्शनात मांडायचीत?"



"ती बोर्गिल्डनं रचलीत रे."