आक्काची तहान

या, जरा जवळ सरका, एका तहानेची गोष्ट सांगतो.

हणमंताला थोरल्या बहिणीनं, आक्कानं, आपली एक किडनी दिली होती. गेल्या साली ती सर्पदंशानं गेली. तेव्हापासून रोज पहाटे स्वप्नात येऊन म्हणायची, "हणमंता, पाणी दे रे." बहिणीच्या जिवाला गती मिळेना, असं समजून त्यानं नदीवर तर्पण केलं, तिच्या नावानं आठवड्यातून तीन दिवस निर्जळी उपास धरले. तरी हाक थांबेना.

तपासणीला गेला तर डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून उसळल्या. "रक्तातलं क्रिएटिनिन किती वाढलंय! असंच चाललं तर किडनी जाईल. पाणी पीत नाही का?"

"आक्कासाठी उपास धरलेत, बाई."

"अहो महाराज, आक्काचं जे जिवंत उरलंय, ते तुमच्या पोटात आहे. तिलाच तहानलेली ठेवलीत की!"

टेबलावरची पाण्याची बाटली उचलून, ओटीपोटावर हात ठेवून, लेकराला पाजावं तसं तो घोट घोट पाणी प्याला. "घे आक्का," म्हणाला, "पोटभर घे."

मायबाप, पाणी ओठाला लावाल तेव्हा त्या माउलीची आठवण ठेवा.