पार्किंगचा चढ

तळघरातल्या पार्किंगमधून बाहेर काढताना माझ्या नव्या स्पोर्ट्स कारचं पोट तिसऱ्यांदा चढाला घासलं आणि माझं डोकंच फिरलं. आधीच नुसत्या बंपरपायी महिन्याचा पगार गेला होता! तडक सोसायटीच्या सेक्रेटरीचं दार वाजवलं.

"बाकी कुणाची गाडी घासत नाही," तो म्हणाला.

"म्हणून मी घासून घ्यायची? हा चढ आहे की कडा? माणसांनी बाहेर पडायचं कसं?"

आठ दिवस त्याला सुखाने जेवू दिलं नाही. शेवटी गवंडी आले, जुना चढ फोडला आणि लांब, हलका चढ बांधून दिला.

रविवारी गाडी अलगद वर आली. आरशात पाहिलं, तर मागून बाबा आईची व्हीलचेअर ढकलत येत होते. इमारतीच्या पुढच्या दाराला पायऱ्या, मागे इतके दिवस तो उभा चढ. आई दोन वर्षांनी रस्ता बघत होती.

मी ऐटीत उतरलो. "बघितलंत बाबा? भांडल्याशिवाय काही मिळत नाही!"

बाबा धापा टाकत थांबले. "दोन वर्षं तुला हेच सांगत होतो. तूच म्हणायचास, एका खुर्चीसाठी कोण भांडत बसणार?"