दुर्बिणीचं तोंड

“समुद्रकाठची ती जुनी वस्ती एकदा बघून ये,” म्हणून आई मागेच लागली होती. शेवटी आज गेलो. बोळातल्या घरांत डोकावत चाललो होतो, तर दारात बसलेल्या आजी म्हणाल्या, “बाहेरून काय बघतोस, आत ये.” खिडकीत जहाजं बघायची जुनी पितळी दुर्बीण होती, पण तिचं तोंड समुद्राकडे नव्हतं, खाडीपलीकडच्या शहराकडे होतं. मी डोळा लावला तर समोर आमचीच बाल्कनी. आई नेहमीसारखी हात हलवून खांद्याचा व्यायाम करत होती. “माझी मैत्रीण,” म्हणत आजींनीही हात हलवला. “नाव माहीत नाही. रोज संध्याकाळी येते.” पक्षी बघायला म्हणून माझ्याकडून मागून घेतलेली दुर्बीण आईनं डोळ्यांना लावली. मी आजींच्या पुढ्यात येऊन हात हलवू लागलो. आजी दुर्बिणीतून बघून हसल्या. “काय म्हणतेय?” मी विचारलं. “बाजूला हो म्हणतेय.”