सहीनिशी

फुटबॉल विश्वचषकाच्या आदल्या वर्षी शिवराज दोहातल्या मुशैरिब भागातल्या गॅलरीत जुनी फ्रेंच व्यंगचित्रं टांगत होता. दंगलींच्या काळातल्या एका चित्रात राजाचं डोकं चक्क नासपतीचं होतं. "काढणारा सापडला नाही?" त्यानं विचारलं. "लपलाच नव्हता. सही करायचा, तुरुंगातही गेला," गॅलरीच्या मालविका मॅडम म्हणाल्या. शिवराजनं चित्राच्या कोपऱ्यातली सही पाहिली. तो राहायचा त्या लेबर कॅम्पच्या भिंतीवर वांग्याच्या तोंडाचा मॅनेजर त्यानंच काढला होता. आळ आला त्याच्या खोलीत राहणाऱ्या निवृत्तीवर, आणि उद्या त्याला गावी धाडणार होते. संध्याकाळी शिवराज मॅनेजरपुढे उभा राहिला. "साहब, वो मैंने बनाया." मॅनेजर हसला. "दोस्त को बचाता है? बनाके दिखा." टेबलावरचा निवृत्तीच्या परतीचा कागद उलटा करून शिवराजनं मिशीवालं वांगं काढलं, खाली सही केली. मॅनेजरनं ते बराच वेळ न्याहाळलं. मग कागद सुलटा केला, निवृत्तीचं नाव खोडलं, शिवराजचं लिहिलं.