नारिंगी बाही

दुकानदाराने हिरव्या जॅकेटवर बाटलीतलं पाणी ओतलं. थेंब घरंगळून गेले, आतून बाही कोरडीच. लेक खूश झाली.

"हिरवं नको, नारिंगी घे," मी म्हणालो.

"शी! किती भडक आहे, बाबा."

दरीत पडलेल्या ट्रेकरना शोधायला मी दोरावरून उतरतो. हिरवं जॅकेट झाडीत हातभरावरूनही दिसत नाही. पण हे बोलायचं म्हणजे तिला खाली पडलेलं बघायचं. जीभ रेटेना. मी नुसती नारिंगी बाही घट्ट धरून उभा राहिलो.

तिने माझी आवळलेली मूठ पाहिली. हिरवं जॅकेट दुकानदाराला परत केलं.

"नारिंगी दोन द्या. एक बाबाच्या मापाचं."

मग तिने माझ्या अंगावरच्या जुन्या हिरव्या जॅकेटची बाही पकडली. तशीच घट्ट.

"तूही दिसायला हवास, बाबा."