जागा कुठे गेली

ओटा झाला, वरची कपाटं बसली, फक्त सिंक खिडकीखाली सरकवायचं राहिलं होतं, तेवढ्यात पडद्यावर पुन्हा तीच पाटी आली. डिस्कवर जागा शिल्लक नाही. फाइल सेव्ह करता येत नाही.

तिने कपाळाला हात लावला. कालच तर सगळी झाडलोट केली होती. जुनी कामं पुसली, नवऱ्याचे सिनेमे उडवले, कचऱ्याची टोपली रिकामी केली. आणि आज पहिले पाढे पंचावन्न.

लोकांच्या स्वयंपाकघरांचे आराखडे करून देणं हे तिचं काम. सुतार करवत घेऊन बसला होता. आज मापं आली नाहीत तर मी दुसरीकडे जातो, असं सकाळीच सांगून तो मोकळा झाला होता. तिने नवऱ्याला फोन लावला. त्याने ऑफिसातून शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, तुझ्या आराखड्यांनीच भरली असेल. तिने पुढचं न ऐकताच फोन ठेवला.

मग तिने एक छोटासा प्रोग्राम उतरवून घेतला. डिस्कवर कुणी किती जागा अडवली आहे ते तो रंगीत चौकोनांनी दाखवायचा. तिची इतक्या वर्षांची कामं कोपऱ्यातल्या बोटभर पट्टीत मावली होती. बाकी पडदाभर एकच निळा चौकोन पसरला होता. त्याचं नाव, नवीन फोल्डर.

आत नुसते व्हिडिओ. तिने दातओठ खात एक उघडला.

पडद्यावर सासरे आले. इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस, आणि खुर्ची हीच, ती आता बसली होती ती. मेंदूला झटका आल्यापासून अण्णांची वाचा गेली होती. शब्द डोक्यात असायचे, ओठांवर येताना वाट चुकायचे. रोज कॅमेऱ्यासमोर बसून बोला आणि मग स्वतःला बघा, असं वाचा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. ती मापं घ्यायला बाहेर पडली की अण्णा तेच करत होते. "खि... खि... खिडकी." "पा... पाणी." चार-पाच शब्दांत घामाघूम झाले. मग पुढे वाकून त्यांनी थांबवायचं लाल बटण सोडून वरच्या कोपऱ्यातली आडवी रेघ दाबली. चौकट नुसती मिटली, रेकॉर्डिंग चालूच राहिलं. झालं, असं वाटून ते उठून गेले.

गोदीत आयुष्यभर क्रेन चालवलेला माणूस. बोटाच्या इशाऱ्यावर टनांनी माल उचलला, आणि बटण मात्र सापडेना.

व्हिडिओ चालूच होता. रिकामी खुर्ची. तिने तो पुढे पळवला. अजून रिकामी खुर्ची. मागे खिडकीचा पडदा हलला, सावली सरकली, खुर्ची तशीच. कॅमेऱ्याचा दिवा कधीचाच गेलेला, त्यामुळे कुणाला पत्ता लागण्याचं कारण नव्हतं.

"खुर्चीने खाल्ली माझी डिस्क," ती स्वतःशीच म्हणाली.

मग व्हिडिओतल्या खुर्चीत ती स्वतः येऊन बसली. भुवया आवळलेल्या, नजर पडद्यावर, खांदा आणि कानाच्या मध्ये फोन. बहिणीशी बोलत होती. अण्णांचं काही नाही गं, खातात, पितात, बसून असतात. बोलत मात्र एक अक्षर नाहीत. माणसाने निदान प्रयत्न तरी करावा.

तिच्या पाठीमागे दारात अण्णा उभे होते. एक हात चौकटीवर. ओठ हलत होते. फोन संपायची वाट बघत होते. फोन संपला, तिने हेडफोन चढवले, आणि तेवढ्यात मागून आलं, "जा..."

ती कामाला लागली होती. अण्णा थोडा वेळ थांबले आणि वळून गेले.

तिने दुसऱ्या दिवशीचा व्हिडिओ उघडला. पुन्हा इस्त्रीचा शर्ट. आज खिडकी नाही, पाणी नाही. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात काहीतरी, जागेची सूचनाच असणार, वाचत अण्णा एकच वाक्य घोटत होते. "जागा... क... कमी... आहे. जागा कमी... आहे." संध्याकाळी पुन्हा दारात. पडद्यावरच्या तिने वळून न बघताच हात वर केला. थांबा.

तिला चीड येत होती, पण ती आता कुणावर काढावी ते कळेना. मग तिने जवळजवळ नुसत्या खुर्चीचेच असलेले दोन व्हिडिओ पुसले, आराखडा सेव्ह केला, सुताराला पाठवला आणि अण्णांना हाक मारली.

ते आले. तिने त्यांना खुर्चीत बसवलं, लाल बटण दाखवलं. हे दाबायचं, रेघ नाही. अण्णांनी मान डोलावली आणि रेघ दाबली. तिने पुन्हा दाखवलं. त्यांनी पुन्हा रेघ दाबली. गोड बोलायचं असं ठरवूनही तिचा आवाज चढलाच.

"अहो लाल, अण्णा. किती वेळा सांगायचं?"

अण्णा गर्रकन वळले. चेहरा लालबुंद.

"मी किती वेळा सांगायचं?"

वाक्य एका दमात आलं. कुठे अडलं नाही, तुटलं नाही.

दोघंही दचकले. अण्णांनी दोन बोटं हळूच स्वतःच्या ओठांना लावून पाहिली. तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि ऐकायला त्यांच्या समोर बसली.